घरून एसएसएच केलं की जीपीजीची पासफ्रेज चौकट ऑफिसच्या स्क्रीनवर उघडते, टर्मिनल नुसतं थांबून राहतं

मागवाला

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरीचं लहान युनिट आहे. ऑफिसात उबुंटू २२.०४ चं एक मशीन आहे, डेस्कटॉप ग्नोम. जॅकार्डची डिझाइनं आणि बाहेरच्या पार्ट्यांचे रेट या दोन्ही गोष्टी त्यावर जीपीजीने (फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम) एन्क्रिप्ट करून ठेवतो. इथं डिझाइन बाहेर गेलं की थोड्याच दिवसांत शेजारच्या मागावर तेच फूल विणलेलं दिसतं, त्यामुळे हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून.

दिवसा ऑफिसात बसून फाइल उघडली की स्क्रीन अंधारते, मधोमध चौकट येते, पासफ्रेज टाकली की काम होतं. तक्रार नाही. रात्री जुळे सोलापुरातून, घरून एसएसएच करून (म्हणजे नेटवरून ऑफिसच्या मशीनच्या टर्मिनलात शिरून) तीच कमांड दिली की लहरीपणा सुरू. कधी टर्मिनलमध्येच रेघांची चौकट येते आणि फाइल उघडते. कधी काहीच येत नाही, कर्सर लुकलुकत बसतो आणि शेवटी 'ऑपरेशन कॅन्सल्ड' म्हणून कमांड संपते. परवा असाच वाट बघत होतो तर रात्रपाळीच्या दिवाणजींचा फोन. "मालक, स्क्रीनवर कायतरी पासवर्ड मागायलंय, काय टाकू?"

आणखी एक. फाइलचं नाव देऊन उघडली तर निदान वाट तरी बघतो. पण पाइप करून, म्हणजे दुसऱ्या कमांडीचं आउटपुट थेट जीपीजीकडे ढकलून दिली तर कधी कधी लगेच 'इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' असं काहीतरी अगम्य तोंडावर मारतो. पासफ्रेज बरोबर आहे, मशीन रीस्टार्ट करून झालं, जीपीजी काढून परत टाकून झालं.

(कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. उत्तर देणाऱ्यांनीही तसंच लिहिलं तरी चालेल, टाइप करताना मी रोमन अक्षरं वापरतो.)

शेंगाचटणी

दिवाणजींना फोनवर पासफ्रेज सांगून टाका की ओ मालक. तेवढीच त्यांची झोप उडंल. 😄

होटगी_रोड

सोपं आहे. सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग पिनएंट्री. यादीतून कर्सेसवालं निवडा. विषय संपला.

निळा_पडदा

विषय तिथे संपत नाही, दिवसाचं काम बंद पडेल. त्यावर खाली येते. आधी दुखणं काय आहे ते पाहू.

बहुतेकांचा समज असतो की पासफ्रेज जीपीजी विचारतं. तसं नाही. २०१४ मध्ये २.१ आवृत्ती आली तेव्हापासून खासगी किल्ल्यांचा सगळा व्यवहार जीपीजी-एजंट या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेला. तो पार्श्वभूमीला चालू असतो. जीपीजी त्याला सॉकेटवरून सांगतं की या किल्लीने एवढं उलगडून दे. पासफ्रेज हवी असेल तर एजंट तिसरा प्रोग्रॅम चालू करतो, पिनएंट्री. चौकट असते ती या तिसऱ्याची. म्हणजे तुम्ही टर्मिनलमध्ये जी कमांड मारता तिचा आणि समोर येणाऱ्या चौकटीचा थेट संबंधच नाही, मध्ये एजंट बसलाय. तुम्ही कुठे बसलात हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. पोस्टमनला जुनाच पत्ता ठाऊक असेल तर पत्र जुन्या घरीच पडणार.

आता पिनएंट्रीचे प्रकार. ग्नोम३, जीटीके२, क्यूटी हे खिडकीवाले. कर्सेस म्हणजे टर्मिनलमधली रेघांची चौकट. टीटीवाय म्हणजे नुसती एक ओळ. उबुंटूच्या ग्नोम डेस्कटॉपवर आपोआप ग्नोम३ बसतं.

मला तीन गोष्टी सांगा.
एसएसएचमध्ये असताना 'एको $जीपीजी_टीटीवाय' काय दाखवतं?
'रीडलिंक -एफ' ला पिनएंट्रीचा पूर्ण पत्ता देऊन काय येतं?
आणि ज्या रात्री काम होतं आणि ज्या रात्री होत नाही, त्यात ऑफिसच्या मशीनची स्क्रीन लॉक असते की उघडी?

मागवाला

जीपीजी_टीटीवाय रिकामं. पिनएंट्री म्हणजे पिनएंट्री-ग्नोम३, तुम्ही म्हणालात तसंच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जरा दचकलो. रात्रपाळी असली की दिवाणजी त्याच लॉगिनवर चलनं काढत बसतात, स्क्रीन उघडी असते. पाळी नसली की मशीन आपोआप लॉक होतं. आणि हो, रात्रपाळीच्या दिवशीच अडकतं! हे लक्षातच आलं नव्हतं.

निळा_पडदा

मग गुंता सुटला. पिनएंट्री-ग्नोम३ स्वतः खिडकी काढत नाही. ते डी-बस नावाच्या निरोप्यामार्फत ग्नोमला सांगतं की पासफ्रेज विचार. तुमची डेस्कटॉपवरची लॉगिन आणि एसएसएचची लॉगिन, दोन्हींचा युझर एकच. सिस्टमडी त्या युझरसाठी एकच बस उघडतं, रन-युझर-१००० च्या फोल्डरात. एजंटही एकच. घरून कमांड दिली की एजंट पिनएंट्री-ग्नोम३ चालू करतो, त्याला बस जागेवर सापडते, बसच्या दुसऱ्या टोकाला ग्नोम बसलेलंच आहे. चौकट उघडते दिवाणजींच्या पुढ्यात. त्याच्या हिशेबाने सगळं सुरळीत झालं, म्हणून चूक अशी कुठे नोंदलीच जात नाही.

स्क्रीन लॉक असली तर मात्र पिनएंट्री-ग्नोम३ ते तपासतं आणि कर्सेसवर उतरतं. बसच्या दुसऱ्या टोकाला ग्नोमच नसेल, म्हणजे डेस्कटॉपवर कुणी लॉगिनच केलेलं नाही, तरी तेच. म्हणून वीज जाऊन मशीन परत चालू झालं आणि कुणी लॉगिन केलं नाही, तर त्या रात्रीही तुमचं काम बिनबोभाट होत असणार.

'कधी चालतं कधी नाही' याला आणखी एक हातभार लागतो तो एजंटच्या आठवणीचा. एकदा टाकलेली पासफ्रेज तो ६०० सेकंद धरून ठेवतो, वापरत राहिलात तर मुदत पुढे सरकते, पण जास्तीत जास्त ७२०० सेकंद. दिवाणजी किंवा तुम्ही नुकतीच फाइल उघडली असेल तर घरून चौकट न येताच फाइल उलगडते, आणि माणूस समजतो की आज दुरुस्त झालं.

राहिला पाइपचा प्रश्न. कर्सेसला चौकट काढायला कुठलं टर्मिनल हे माहीत हवं. जीपीजी_टीटीवाय भरलेलं नसेल तर जीपीजी आपल्या स्टँडर्ड इनपुटकडे बघतं, ते टर्मिनल असेल तर तोच पत्ता एजंटला देतं. फाइलचं नाव देऊन कमांड मारली की इनपुट टर्मिनलच असतं, म्हणून भागतं. पाइप लावला की इनपुट म्हणजे पाइप, त्याला टर्मिनलचं नाव नाही. म्हणून आयओसीटीएलची ती बोंब. तुमच्याकडे लॉक असलेल्या रात्री पाइप केलात की येत असेल.

यावर इलाज बॅशआरसीत (नवं शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) दोन ओळी:

जीपीजी_टीटीवाय=$(टीटीवाय)
एक्स्पोर्ट जीपीजी_टीटीवाय

जीपीजी-एजंटच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की हे नेहमी टाका. उबुंटू स्वतःहून टाकत नाही.

होटगी_रोड

एवढं रामायण सांगून शेवटी कर्सेसच ना? मी काय वेगळं सांगितलं?

निळा_पडदा

होटगी_रोड, कर्सेस सगळ्यांसाठी कायम केलं तर दिवसा फाइल मॅनेजरमधून किंवा आयकॉनवरून उघडलेल्या प्रोग्रॅमला चौकट कुठे काढणार? त्याच्या मागे टर्मिनल नसतंच. दिवाणजींना 'नो पिनएंट्री'सारखा संदेश येईल आणि मालकांना दिवसा फोन येईल, रात्रीच्याऐवजी.

सर्व्हरवर, जिथं मॉनिटरच जोडलेला नाही, तिथं तुमचा उपाय उत्तम. मीही तेच करते. इथं मशीन दोन्हीकडून वापरायचंय.

त्यासाठी एजंटची एक सोय आहे, फार कमी लोक वापरतात. पिनएंट्री_यूझर_डेटा नावाचं एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल जीपीजी चालवणाऱ्याच्या शेलमधून एजंटकडे आणि एजंटकडून पिनएंट्रीकडे जसंच्या तसं पोचतं. त्यात काय लिहायचं हे आपण ठरवायचं. मग खऱ्या पिनएंट्रीच्या जागी आपली एक चिमुकली स्क्रिप्ट ठेवायची:

केस "$पिनएंट्री_यूझर_डेटा" इन
*टर्मिनल*) एक्झेक /यूएसआर/बिन/पिनएंट्री-कर्सेस "$@" ;;
*) एक्झेक /यूएसआर/बिन/पिनएंट्री-ग्नोम३ "$@" ;;
एसॅक

वर शेलची नेहमीची पहिली ओळ. फाइल चालवण्याजोगी करा, सीएचमॉड विसरलात तर परत 'नो पिनएंट्री'. मग होम फोल्डरातल्या डॉट-जीएनयूपीजीमध्ये जीपीजी-एजंट डॉट कॉन्फ उघडून 'पिनएंट्री-प्रोग्रॅम' आणि पुढे स्क्रिप्टचा रूटपासून पूर्ण पत्ता. शेवटी बॅशआरसीत: एसएसएच_कनेक्शन भरलेलं असेल तर पिनएंट्री_यूझर_डेटा=टर्मिनल एक्स्पोर्ट करा. ऑफिसात बसून उघडलेल्या टर्मिनलमध्ये एसएसएच_कनेक्शन रिकामं असतं, तिथं खिडकीच येईल.

हे करून 'जीपीजीकॉन्फ --किल जीपीजी-एजंट' मारा. पुढच्या कमांडीला नवा एजंट आपोआप उठतो, मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही. पिनएंट्री-कर्सेस बसवलेलं आहे का तेही बघून घ्या.

कडकभाकरी

नीट समजलं, धन्यवाद. माझं ठिकाण वेगळं, दुखणं तेच. मी टीमक्स वापरतो (एका टर्मिनलात अनेक कप्पे, म्हणजे पेन, उघडून ते चालू ठेवणारा प्रोग्रॅम). ऑफिसात डेस्कवर टीमक्स चालू करतो, घरी आल्यावर एसएसएच करून त्याच सेशनला जोडून घेतो. त्यात एसएसएच_कनेक्शन रिकामं. मग?

निळा_पडदा

टीमक्स जोडताना ही व्हेरिएबलं ताजी करून घेतं, पण ती नव्या पेनला मिळतात. आधीपासून उघड्या पेनमधलं शेल जुन्याच जगात असतं. त्यामुळे अट वाढवा: एसएसएच_कनेक्शन किंवा टीमक्स, दोन्हीपैकी एक भरलेलं असेल तरी टर्मिनल. टीमक्सच्या आत कर्सेस डेस्कवरही छान चालतं. आणि प्रत्येक पेनचं टीटीवाय वेगळं, म्हणून जीपीजी_टीटीवायची ओळ बॅशआरसीतच हवी, लॉगिनवेळी एकदाच चालणाऱ्या प्रोफाइलमध्ये टाकली तर एका पेनचा प्रश्न भलत्याच पेनात उगवू शकतो.

सात_रस्ता

थोडा आडवा प्रश्न. मी जीपीजीच्या एजंटकडूनच एसएसएचच्या किल्ल्याही सांभाळून घेतो, एनेबल-एसएसएच-सपोर्ट लावून. जीपीजी_टीटीवाय नीट आहे, तरी गिटमध्ये पुश करताना 'एजंट रिफ्यूज्ड ऑपरेशन'. जीपीजीने फाइल उघडली तर मात्र चौकट बरोबर समोर येते.

निळा_पडदा

कारण जीपीजी एजंटशी बोलताना आपलं टर्मिनल सांगतं, एसएसएच सांगत नाही. एसएसएच-एजंटच्या बोलीत तशी जागाच नाही. म्हणून एसएसएचच्या किल्लीसाठी एजंट ज्या टर्मिनलवर तो सुरू झाला, किंवा ज्याची त्याला शेवटची खबर दिली गेली, तिथं चौकट काढायला जातो. ते टर्मिनल बंद झालेलं असेल तर नकार.

बॅशआरसीत जीपीजी_टीटीवायच्या खाली ही ओळ:

जीपीजी-कनेक्ट-एजंट अपडेटस्टार्टअपटीटीवाय /बाय

आउटपुट नको असेल तर डेव्ह-नलमध्ये ढकला. दोन टर्मिनलं उघडी असतील तर जे नंतर उघडलं तिथं चौकट जाईल, हे मात्र लक्षात ठेवा. त्याला इलाज नाही, हवं त्या टर्मिनलमध्ये ही कमांड परत मारायची.

गड्ड्यावरचा_पाळणा

ताई, आमच्याकडे बॅकअपसाठी वेगळा युझर आहे. मी माझ्या नावाने एसएसएच करतो आणि मग सुडो एसयू करून बॅकअप युझर होतो. जीपीजी_टीटीवाय भरलं, कर्सेस आहे, सगळं आहे. 'परमिशन डिनाइड'. दोन्ही युझर एकाच ग्रुपात टाकून पाहिले.

निळा_पडदा

टर्मिनल हीसुद्धा लिनक्समध्ये एक फाइलच आहे, डेव्ह-पीटीएस खाली. तुम्ही लॉगिन केलंत तेव्हा तिची मालकी तुमच्या नावावर झाली. एसयू करून तुम्ही बॅकअप झालात पण टर्मिनल अजून तुमचंच. बॅकअपचा एजंट ते उघडायला जातो, दार बंद. ग्रुपने काही होत नाही, कारण त्या फाइलवर ग्रुपला फक्त लिहिण्याची मुभा असते आणि तो ग्रुपही टीटीवाय नावाचा असतो.

सगळ्यात स्वच्छ म्हणजे बॅकअप युझरने थेट एसएसएच करा, किल्ली लावून. ते नको असेल तर एसयू झाल्यावर 'स्क्रिप्ट -क्यू /डेव्ह/नल' मारा. स्क्रिप्ट हा प्रोग्रॅम नवं टर्मिनल तयार करतो आणि त्याची मालकी बॅकअपकडे असते. त्याच्या आत जीपीजी_टीटीवाय परत भरा. टर्मिनलची मालकी सीएचओनने बदलायचा सल्लाही कुठे कुठे दिसेल. चालतो, पण मला पटत नाही, काम झाल्यावर परत बदलायचं कुणाच्या लक्षात राहतं?

होटगी_रोड

या सगळ्यापेक्षा लूपबॅक. जीपीजीला --पिनएंट्री-मोड लूपबॅक द्या, पिनएंट्रीची भानगडच नाही, जीपीजी स्वतः तिथंच विचारतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तर --बॅच आणि --पासफ्रेज-फाइल जोडून मी कैक महिने चालवतोय. रात्री दोनला बॅकअप, कुणी काही विचारत नाही.

निळा_पडदा

हाताने कमांड मारताना लूपबॅक वापरायला माझी हरकत नाही. अडलेल्या वेळी मीही वापरते.

क्रॉनमधल्या पासफ्रेजच्या फाइलला आहे. किल्ली त्याच डिस्कवर, पासफ्रेज त्याच डिस्कवर, शेजारी शेजारी. मशीन चोरीला गेलं तर चोराच्या हाती दोन्ही. मग पासफ्रेज कशासाठी ठेवली? काढूनच टाका, निदान स्वतःशी प्रामाणिक.

आणि मुळात रात्री दोनला काय करता? एन्क्रिप्टच ना? -सी लावून पासफ्रेजने एन्क्रिप्ट करत असाल म्हणून ती लागते. सार्वजनिक किल्लीने, -ई आणि -आर लावून केलंत तर पासफ्रेज लागतच नाही. कुलूप लावायला सार्वजनिक किल्ली पुरते, उघडायला खासगी. बॅकअप घेणाऱ्या मशीनवर खासगी किल्ली असायची गरजसुद्धा नाही.

एक अडखळण येईल: नव्याने आणलेल्या सार्वजनिक किल्लीवर विश्वास नोंदलेला नसेल तर जीपीजी हाताने चालवताना 'ही किल्ली खरंच यांची का' असं विचारतं आणि क्रॉनमध्ये सरळ नाकारतं. किल्लीची बोटखूण एकदा स्वतः पडताळून विश्वास नोंदवून टाका, किंवा त्या कमांडीपुरतं --ट्रस्ट-मॉडेल ऑलवेज.

होटगी_रोड

-सीच वापरतो. बदलून बघतो. जुन्या फाइलींचं कसं ते नंतर विचारीन.

शेंगाचटणी

आता खरंच विचारतो, चेष्टा नाही. माझी पासफ्रेज मराठीत आहे, चांगलं लांबलचक वाक्य. लॅपटॉपवर चालते. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मोबाइलवरून एसएसएच केलं तर 'बॅड पासफ्रेज'. तेच वाक्य, अक्षर न अक्षर तेच. वाक्य सांगू शकत नाही पण त्यात 'ऱ्या' आहे. आणि दुसरं, मोबाइल आडवा धरला की चौकटच येत नाही, स्क्रीन लहान आहे म्हणतं.

निळा_पडदा

'ऱ्या' आहे हे सांगितलंत तेवढं पुरे.

पासफ्रेज म्हणजे जीपीजीच्या लेखी अक्षरं नव्हेत, बाइट. डोळ्यांना एकसारखं दिसणारं 'ऱ्या' युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतं. एक, नुक्ता असलेला ऱ हा स्वतंत्र वर्ण, यू+०९३१, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, त्यापुढे वेगळा नुक्ता, मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे आणि मग य. छापल्यावर तिन्ही सारखे. तुमचा लॅपटॉपचा इनस्क्रिप्ट कळफलक एक लिहितो, मोबाइलचा उच्चारानुसार लिहिणारा कळफलक दुसरं लिहितो. बाइट बदलले, पासफ्रेज बदलली. चौकटीत दिसतात नुसत्या चांदण्या, त्यामुळे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

पडताळायचं तर पासफ्रेजमधला नव्हे, भलताच एखादा शब्द, समजा 'वाऱ्यावर', दोन्हीकडे टाइप करून एक्सएक्सडीमधून (बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड) पाइप करा. फरक आकड्यांत दिसेल.

मराठी पासफ्रेजला माझा विरोध नाही. पण रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी वाक्य घ्या. ग्राफिक डेस्कटॉप पडला आणि काळ्या कन्सोलवर लॉगिन करायची वेळ आली तर तिथं देवनागरी कळफलक नसतोच, तेव्हा मोबाइलपेक्षा वाईट अडकाल. किल्लीची पासफ्रेज बदलायला --चेंज-पासफ्रेज आणि किल्लीचं नाव. लॅपटॉपवर बसूनच बदला. आधी एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींना धक्का लागत नाही, कारण पासफ्रेज फक्त खासगी किल्लीला कुलूप लावते, फाइलींना नाही. खासगी किल्लीची दुसरी प्रत मोबाइलवर वगैरे ठेवली असेल तर तिथली पासफ्रेज जुनीच राहील, ती वेगळी बदलावी लागते.

मोबाइल आडवा धरल्यावर वर कळफलक उघडला की टर्मिनलला चार-सहा ओळी उरतात. कर्सेसच्या चौकटीला तेवढ्यात मावता येत नाही. पिनएंट्री-टीटीवाय बसवा, त्याला एक ओळ पुरते. वरच्या स्क्रिप्टमध्ये तिसरी ओळ घाला, 'मोबाइल' असं व्हेरिएबल आलं तर टीटीवाय.

शेंगाचटणी

बघितलं. लॅपटॉपवर नुक्त्याचा स्वतंत्र वर्ण, मोबाइलवर झेडडब्ल्यूजे. एवढी वर्षं कीबोर्डवाल्यांना शिव्या घातल्या ते फुकट नाही गेलं.

मागवाला

स्क्रिप्ट लावली, बॅशआरसी भरली, एजंट मारला. रात्रपाळी चालू असताना घरून कमांड दिली, चौकट माझ्याच टर्मिनलमध्ये. दिवाणजींना फोन करून विचारलं, त्यांच्याकडे काही नाही. दिवसा फाइल मॅनेजरमधूनही खिडकी नेहमीसारखी येते. ताई, मनापासून आभार.

आता पुढचं. घरच्या लॅपटॉपवरून 'एसएसएच ऑफिस जीपीजी -डी फाइल' अशी एकाच ओळीत कमांड देतो कधी कधी, आत न शिरता. त्यात पुन्हा अडकतं.

निळा_पडदा

एसएसएचला कमांड जोडून दिली की ते पलीकडे टर्मिनल तयारच करत नाही. शिवाय उबुंटूच्या बॅशआरसीत वरतीच अट असते की शेल संवादी नसेल तर पुढचं वाचू नका, म्हणून तुमच्या नव्या ओळी तिथं पोचत नाहीत. -टी लावून टर्मिनल मागता येतं, पण मग चौकटीच्या रेघा आणि फाइलचा मजकूर एकाच नळातून येतात. मजकूर साधा असेल तर एकवेळ डोळ्यांनी वेगळा करता येईल, जॅकार्डची बायनरी फाइल असेल तर ओळींच्या शेवटी नको ते बाइट घुसून फाइल खराब होईल.

उलटं करा. कुलूपबंद फाइल घरी आणा आणि घरी उघडा:

एसएसएच ऑफिस कॅट फाइल.जीपीजी | जीपीजी -डी -ओ डिझाइन

चौकट घरच्या लॅपटॉपवर, घरच्या एजंटची. ऑफिसच्या मशीनला काही विचारायचा प्रश्नच उद्भवत नाही. वाटेतही फाइल एन्क्रिप्टेडच. खरं सांगायचं तर वरची सगळी स्क्रिप्ट मी तुम्हाला दिली ती तुमची ऑफिसची कामं दोन्हीकडून चालावीत म्हणून. नुसती फाइल बघायची असेल तर दूरच्या मशीनवर पासफ्रेज टाइप करणंच टाळावं. त्या मशीनवर रात्री कोण कोण बसतं हे तुम्हीच लिहिलंय.

मागवाला

पण घरी खासगी किल्ली नाही. ऑफिसची एक्स्पोर्ट करून आणू?

निळा_पडदा

नको. घरी नवी किल्ली तयार करा, तिची फक्त सार्वजनिक बाजू ऑफिसात न्या. एन्क्रिप्ट करताना -आर दोनदा द्या, एकदा ऑफिसची, एकदा घरची. फाइल आतून एकदाच एन्क्रिप्ट होते, तिची तात्पुरती सेशन किल्ली तेवढी दोन्हींसाठी वेगवेगळी गुंडाळली जाते. आकार नगण्य वाढतो. उद्या ऑफिसचं मशीन गेलं तर घरची किल्ली शाबूत, आणि घरचा लॅपटॉप गेला तर ऑफिसची.

जीपीजी-एजंटचा सॉकेटच एसएसएचमधून पलीकडे नेण्याचीही सोय आहे, एक्स्ट्रा सॉकेट म्हणतात त्याला. कमांड ऑफिसात चालते, चौकट घरी उघडते, किल्ली घराबाहेर जात नाही. पलीकडच्या एसएसएचडीत (एसएसएचच्या सर्व्हरात) स्ट्रीमलोकलबाइंडअनलिंक चालू करावं लागतं, नाहीतर पहिल्या जोडणीचा उरलेला सॉकेट दुसऱ्या जोडणीला आडवा येतो. आणि तुमच्या मशीनवर डेस्कटॉपचा एजंट आधीच त्या जागी बसलेला असतो, त्याची ओढाताण होईल. बिनमॉनिटरच्या सर्व्हरला हे झकास, तुम्हाला नाही सुचवणार.

होटगी_रोड

माझा राहिलेला प्रश्न इथेच बसतो. आधीच्या फाइली दोन किल्ल्यांच्या कशा करायच्या? नव्याने -आर देऊन जुन्या आपोआप उघडणार नाहीत ना?

निळा_पडदा

नाही उघडणार. एकदा उलगडून परत बांधाव्या लागतील. उघडी फाइल डिस्कवर न उतरवता:

जीपीजी -डी जुनी.जीपीजी | जीपीजी -ई -आर ऑफिस -आर घर -ओ नवी.जीपीजी

तुमच्या फाइली -सीवाल्या आहेत, त्यांनाही हीच ओळ चालेल. फक्त तिथं प्रत्येक फाइलची पासफ्रेज विचारली जाईल, कारण त्यांना कुलूप पासफ्रेजचंच आहे. वीसेक फाइली एका लूपमध्ये घालत असाल तर जीपीजी_टीटीवाय भरलेलं आहे ना ते आधी बघा. नवी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय जुनी पुसू नका. कुठली फाइल कुणाकुणासाठी बांधलीय ते पासफ्रेज न टाकता पाहायचं तर -डीच्या आधी -व्ही आणि --लिस्ट-ओन्ली जोडा, किल्ल्यांची यादी येते आणि उलगडणं टाळलं जातं.

गड्ड्यावरचा_पाळणा

स्क्रिप्ट -क्यू ने झालं माझं. बॅकअप युझरला थेट एसएसएच देण्याची परवानगी साहेबांकडून अजून यायचीय.